चौदा नंबरची पाळी

९ मार्च

दादा,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, आम्ही सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू "हं, बरं, ठेवू का?" यापलीकडे जात नाहीस. कागदावर निदान चार वाक्यं सलग बोलतोस, म्हणून हा खटाटोप.

विषय तुझ्या भाचीचा आहे. तिला रोपवाटिकेतली नोकरी सोडून आपल्या चौदा नंबरच्या शेतावर यायचंय. संत्र्याची बाग लावणार म्हणते, म्हणजे जी यांनी लावली होती आणि वाळली, तीच पुन्हा. तुमच्या पाणी समितीची नोटीस आम्हालाही आलीय. पडीक शेत जूनअखेर कुणी कसायला घेतलं नाही तर ते धरणाच्या योजनेकडे परत जाणार. त्या नोटिशीनेच तिच्या डोक्यात हे भरवलं.

यांनी नाही म्हटलं. ओरडले वगैरे नाहीत, यांचा आवाज तुला माहीत आहे. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "माझ्या हाताला झाड येत नाही. तिला माझाच हात आलाय. कशाला त्या वाटेला जायचं?" पोरगी अर्ध्या ताटावरून उठली. आणि हे तरी काय, गाव सोडून बावीस वर्षं झाली, पण यांनी गॅलरीत मिरचीचं बीसुद्धा कधी टाकलेलं नाही. मी कुंडी आणली की ती शेजारणीला देऊन येतात.

तर मला एक सांग. तू तीस वर्षं कालव्याची दारं उघडत त्या चारीवरून चालतोयस. दोष जमिनीचा होता की यांचा? जमीन वाईट असेल तर तसं लिही, मी पोरीला समजावते. चांगली असेल तर तेही लिही, मग यांचं काय करायचं ते मी बघेन. तू लिहिशील ते हे मान्य करतील. पण गुळमुळीत लिहू नकोस.

तुझी,
चिमी

२१ मार्च

चिमे,

आशीर्वाद. पन्नाशी ओलांडलीस तरी माझ्यासाठी तू चिमीच, त्याला इलाज नाही.

उत्तराला उशीर झाला कारण तीन नंबरच्या चारीचं दार अडकलं होतं. गंज इतका की फिरवायचं चाक माझ्या हातात आलं आणि दार होतं तिथेच राहिलं. आता म्हणे विजेवर चालणारी दारं येणार. बटण दाबलं की पाणी सुरू, बटण दाबलं की बंद. मग माझ्यासारख्याने सायकल रेटत काय करायचं? बरं आहे, जुलैत निवृत्त होतोय. त्यांनी हाकलायच्या आत मीच निघालो असं म्हणता येईल.

गाव तू सोडलंस तसंच आहे. आधी नकाशावर आलं आणि मग जमिनीवर, त्यामुळे कुठे वळण म्हणून सापडायचं नाही. त्याच चार ओळी, तीच एका साच्यातली घरं. अजूनही पत्ता सांगताना कुणी डावं-उजवं म्हणत नाही, "वर" म्हणजे धरणाकडे आणि "खाली" म्हणजे पाणी संपतं तिकडे. दहाचा भोंगा झाला की मी पहिलं दार उघडतो. मला अजून घड्याळमास्तर म्हणतात. परवा सहकारी दुकानातल्या बाईने मला दारातून येताना पाहिलं आणि स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ लावून घेतलं. माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे सांगायचा मला धीर झाला नाही.

आता तुझा प्रश्न. चौदा नंबर चारीच्या अगदी शेवटाला. शेवटाच्या शेताचं काही खरं नसतं. जमीन जड, खाली चुनखड. भाऊजींनी कष्टात कसूर केली नाही, पण सगळ्या जमिनीत सगळं येतं असं नाही. पोरीला म्हणावं, हातातली नोकरी सोडू नकोस. झालं गेलं, आता कशाला उकरायचं?

तुझी वहिनी गेल्यापासून माझ्याकडे पत्र लिहायला वेळ भरपूर असतो आणि लिहायला काही नसतं. तू मात्र लिहीत जा.

दादा

१४ एप्रिल

घड्याळमामा,

नमस्कार. तुमचं पत्र आईने मला वाचायला दिलं. मी ते मानलं नाही, त्याबद्दल आधीच कान धरते.

गेल्या शनिवारी मी तुमच्या गावात होते. तुमच्याकडे आले नाही, कारण आले असते तर तुम्ही मला गोड बोलून परतीच्या गाडीत बसवलं असतंत. तुम्हाला लांबून बघितलं मात्र. तुम्ही घड्याळ बघून दार बंद केलंत आणि ते नीट बंद झालंय याची खात्री करायला पुन्हा घड्याळच बघितलंत. मला एकटीला हसू आवरेना.

शेतात तीन ठिकाणी गुडघाभर खोल खणून माती काढली आणि आमच्या रोपवाटिकेतून तपासून घेतली. मामा, चुनखडीचं नाव नाही. संत्र्याला याहून चांगली माती शोधूनही मिळायची नाही, असं तपासणाऱ्या बाईच म्हणाल्या.

तेरा नंबरच्या काकूंनी चहा दिला आणि त्यांची बाग दाखवली. त्यांची झाडं आणि बाबांची झाडं एकाच आठवड्यात लावलेली. त्यांची आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. त्यांनी पाण्याच्या पाळीची जुनी चिठ्ठीही काढून दाखवली, बाग लावली त्या वर्षीची. त्यावर पाळी तीन तास, आणि पुढच्या रकान्यात "भरणवेळ ४५ मिनिटे". मी विचारलं हे काय, तर काकू म्हणाल्या, "अगं, पाळी सुरू होते तेव्हा चारी कोरडी असते. दारातून सुटलेलं पाणी शेवटाला पोचेपर्यंत पाऊण तास जातो. तो आपल्या पाळीतून कापायचा नाही, वरून जोडून द्यायचा. शेवटाच्या सगळ्यांना मिळतो."

घरी येऊन मी बाबांची ट्रंक उघडली. आमची त्याच वर्षीची चिठ्ठी सापडली. त्यावरही पाळी तीन तास आहे. भरणवेळेच्या रकान्यात नुसती रेघ आहे. अक्षर तुमचं आहे.

बाबांना अजून काही दाखवलेलं नाही. साधंसं कारण असेल, मला कळत नसेल. आमच्या रकान्यात रेघ का, मामा?

तुमची भाची

२० एप्रिल

चिमे,

तुझ्या मुलीने मला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर तिला आधी देण्याचा मला हक्क नाही, ते तुझं आहे, म्हणून तुला लिहितोय. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. जमीन उत्तम आहे. भाऊजींचा हातही उत्तम होता. पाणी कमी पडलं, आणि ते मी कमी पाडलं.

मी नोकरीला लागलो त्याच्या आदल्या वर्षी आधीच्या दारवाल्याला काढलं होतं, आठवतं? तो आपल्या चुलत्याच्या शेताला तासभर जास्त पाणी सोडायचा. नंतर पुढच्या काही वर्षांत तुमची बाग आली. भाऊजींनी भरणवेळेसाठी अर्ज लिहिला आणि माझ्या हातात दिला. शेवटाच्या प्रत्येकाला ती मिळत होती. मी फक्त शिफारस लिहून अर्ज साहेबांकडे पाठवायचा, एवढंच काम होतं.

त्याच दिवशी कार्यालयासमोरच्या चहाच्या टेबलावर वरच्या चारीतले चौघं बसले होते. त्यातला एक म्हणाला, "काय घड्याळमास्तर, आता बहिणीच्या शेतावर घड्याळ हळू चालणार म्हणा." सगळे हसले. मीही हसलो. आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. महिनाभर थांबू, बोलणी थंडावली की पाठवू, असं ठरवलं.

महिना गेला. मग वाटलं, आता पाठवला तर इतके दिवस कुठे होता म्हणून साहेब विचारतील. मग आणखी एक महिना. भाऊजी मध्ये मध्ये विचारायचे, फार संकोचून, जणू माझ्याकडे काही मागतायत. एक दिवस मी सांगून टाकलं की कार्यालयाने नाही म्हटलं. वर हेही सांगितलं की शेवटाच्या सगळ्यांना तीन तासच मिळतात आणि त्यांना ते पुरतं. हे सांगायची काही गरज नव्हती. बोलणं पक्कं वाटावं म्हणून बोललो.

पहिली दोन वर्षं झाडांनी ओढून नेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात पाळ्या पंधरा दिवसांवर गेल्या तेव्हा पाऊण तास पाणी म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. मी रोज सायकलवरून जायचो आणि पानं आधी मलूल, मग पिवळी होताना बघायचो. भाऊजी बादल्या घेऊन एकेका झाडाला पाणी घालायचे. एकदा तर त्यांनी मलाच विचारलं, "दादा, माझं काय चुकतंय?" मी म्हटलं, झाडांभोवतीची आळी जरा मोठी करून बघा.

तेव्हाही ड्रॉवर उघडता आला असता. काही झाडं वाचली असती. पण मग माझं नाव गेलं असतं, आणि मला त्या नावाची फार हौस होती. आता मागे बघतो तर वाटतं, तू आणि तुझा संसार गावातून उठून गेलात आणि मी इथे एक नाव सांभाळत बसलो. मला याची लाज वाटते. बावीस वर्षं वाटत आली आहे, पण ती लाज सांगण्याइतकी कधी झाली नाही.

तो अर्ज अजून माझ्याकडे आहे. मी तो आता साहेबांकडे पाठवतोय, सोबत मी काय केलं तेही लिहून. तुझ्या मुलीच्या नावाचा, शेत कसायला घेण्याचा फॉर्म इथे जोडला आहे. सही करून जूनअखेरच्या आत पाठवावा.

हे पत्र तू एकटीने वाच. भाऊजींना सांगायचं की नाही, कसं सांगायचं, ते तू ठरव.

दादा

२ जून

दादा,

फॉर्म सोबत आहे, सही केलेला. तुला सहा आठवडे उत्तर दिलं नाही ते मुद्दाम नाही. लिहायला बसले की पहिल्या ओळीत जे यायचं ते थोरल्या भावाला लिहिण्यासारखं नसायचं.

एप्रिलमध्ये माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुला कळवलं नव्हतं, उगाच धावत आला असतास. तुझं पत्र आलं तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. हे म्हणाले, "दादांचं पत्र दिसतंय, चांगलं जाडजूड आहे. वाचू का?" मी म्हटलं वाचा. तुझी पत्रं म्हणजे दारं, गंज, दुकानातली बाई. मी उशीला टेकून ऐकायला बसले.

यांनी सगळं वाचलं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. आवाजही बदलला नाही, स्वतःबद्दल वाचत होते तेव्हाही नाही. "हे पत्र तू एकटीने वाच" हे तू शेवटी का लिहिलंस रे? तेही यांनी मोठ्याने वाचलं. मग कागद घडी करून पाकिटात घातला आणि मला विचारलं, "म्हणजे झाडं माझ्यामुळे गेली नाहीत?"

मी म्हटलं, नाही. सकाळी चहा घेताना यांनी पुन्हा तेच विचारलं.

आता तुला एक सांगते, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. हाताला झाड येत नाही, हे वाक्य यांचं नाही. माझं आहे. त्या तिसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस मी बादल्या वाहून दमले होते. तेरा नंबरची बाग समोर हिरवीगार दिसत होती, आणि तू सांगितलं होतंस की त्यांना आपल्याएवढंच पाणी आहे. मी बादली आपटली आणि म्हणाले, "पाणी तेवढंच, माती तीच, मग तुमच्याच हाताला का झाड येत नाही?" महिन्याभराने यांनी कारखान्यातल्या नोकरीचा अर्ज भरला.

मी परवा यांची माफी मागितली. म्हणाले, "त्यात काय चुकीचं बोललीस? मलाही तेच वाटत होतं." दादा, हे ऐकण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तू मला बहीण म्हणून पाणी जास्त दिलं नाहीस, ते मी समजू शकते. परक्याला देत होतास तेवढं तरी द्यायचंस.

पोरगी वीस तारखेला येतेय, रोपं घेऊन. हे तिच्याबरोबर येणार म्हणतात. चर कुठे होते, पाण्याचा उतार कुठून कुठे आहे ते दाखवायला. काम काही होणार नाही यांच्याने, कंबर गेलीय. तेरा नंबरवाल्यांकडे उतरतील. त्यांच्यासाठी तू स्वयंपाक वगैरे करू नकोस. पहिल्या पाळीला दारावर तू असशील, तेवढं पुरे.

मी येत नाही. डोळ्याचं निमित्त सांगितलंय सगळ्यांना. तुला म्हणून खरं लिहिते, मला तुला इतक्यात बघायचं नाही.

चिमी

२४ जून

चिमे,

काल चौदा नंबरची पहिली पाळी झाली. तू आली नाहीस म्हणून जसं झालं तसं लिहितो. माझ्याबद्दल तू लिहिलंस त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आधी कार्यालयाचं. साहेबांनी अर्ज हातात घेतला आणि म्हणाले, "तारीख टाकताना तुमची चूक झालीय, ही जुनी आहे." मी म्हटलं, तारीख बरोबर आहे. त्यांनी माझं निवेदन वाचलं. "दोन महिन्यांत घरी जाणार तुम्ही, आता हे कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, मंजूर करा आणि समितीच्या बैठकीत वाचा. वाचलं. चहाच्या टेबलावर जो ते बोलला होता तो वारला, बाकीचे तिघं बैठकीला होते. त्यातल्या कुणालाच ती गंमत आठवत नव्हती. एकाने विचारलंसुद्धा, "आम्ही असं म्हणालो होतो?"

तर काल. दहाच्या भोंग्याला दार उघडलं आणि पाण्याबरोबर सायकलने खाली निघालो. कोरड्या चारीत पाणी चालत्या माणसाच्या वेगाने जातं. आधी पाचोळा पुढे ढकलतं, मग त्याला वर उचलून घेतं. पावणेअकराला ते तुमच्या बांधाशी पोचलं. घड्याळ बघून चिठ्ठीवर लिहिलं आणि तीन तास तिथून धरले.

भाऊजी बांधावर खुर्चीत बसले होते. फार वाळलेत. पोरीने खड्डे आधीच काढून ठेवले होते. तिने पहिलं रोप त्यांच्यापुढे धरलं तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तू लाव, मी बघतो," म्हणाले. ती म्हणाली, "बरं, मी माती ओढते, तुम्ही नुसतं सरळ धरा. तिरकं गेलं तर मला दिसत नाही." मग ते खाली बसले, कसेबसे. दोन बोटांनी रोपाचं खोड धरलं. तिने माती भरली, आळं केलं, पाणी सोडलं. त्यांनी हात काढला नाही. ती दुसऱ्या खड्ड्याकडे गेली तरी ते पहिलंच रोप धरून बसले होते. शेवटी मी जाऊन त्यांना उठवलं.

मी माफी मागितली. शब्द ठरवून नेले होते, त्यातला एकही वेळेवर आठवला नाही. जे तोंडाला आलं ते बोललो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "दादा, माझं एक काम करा. हिला एक गोष्ट पत्रातून कळवा. तोंडावर सांगायला गेलो तर ती रडेल आणि मला पुढचं बोलता यायचं नाही." ते म्हणाले तसंच इथे उतरवतो. माझ्याबद्दल आहे, पण तुला पोचवायला सांगितलंय.

"तिला म्हणावं, बादलीपाशी ती जे बोलली त्याने मी गाव सोडलं नाही. तिच्याआधी महिनाभर मी स्वतःलाच तसं म्हणत होतो. मी एकेक करून सगळं तपासलं होतं. माती बघितली, खत बघितलं, कीड बघितली, रोपं कुठून आणली ते बघितलं. पाणी मात्र बघितलं नाही. पाऊण तास चारीत जातो हे मला दिसत होतं, पण सगळ्यांना तेवढंच मिळतं असं दादांनी सांगितलं होतं. गावात कुणीही खोटं बोलेल, दादा बोलणार नाहीत, हे मी धरूनच चाललो होतो. मग उरलो मी."

एवढं बोलून ते पुढच्या खड्ड्याकडे गेले. मी सायकलने वर आलो आणि पावणेदोनला दार बंद केलं.

दादा